गाडी कोण हाकतंय?

विनाचालक गाडी पुण्याला नवीन नाही. १८८६ साली मंडई उभी राहिली, तेव्हा माल यायचा तो बैलगाडीतून. रात्रीच्या वाटेवर गाडीवान पोत्यांना टेकून खुशाल घोरायचा आणि बैल सवयीच्या रस्त्याने गाडी शहरात आणायचे. काही विपरीत घडलं, तर कायदा बैलांना नव्हे, गाडीवानाला उठवायचा. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम २७९ वाहन बैलाचं की इंजिनाचं हे विचारतच नसे. बेदरकारपणे हाकलं कोणी, एवढंच विचारायचं.

शिवाजीनगर कोर्टात माझी वकिली गेली ती बरीचशी ट्रॅफिकच्या केसेसमध्ये. तिथे एक गोष्ट पक्की कळली. गाडी बदलली की सरकार आधी जबाबदार माणूस शोधतं, गाडीचा अभ्यास सावकाश करतं. टांगेवाल्याला बिल्ला दिला, सायकलवाल्याला दिव्याची सक्ती केली. आमचे अण्णा कसब्यातून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जायचे. पहाटे वाऱ्याने रॉकेलचा दिवा विझला की चौकातला पोलीस चाकातली हवा सोडायचा. फारच तापला तर व्हॉलट्यूब खिशात घालायचा. डबलसीट असाल तर मागच्याने पोलीस दिसताच उडी मारायची, साळसूदपणे चौक चालत ओलांडायचा आणि पुढे पुन्हा कॅरियरवर बसायचं. या सगळ्या खेळात पोलीस आणि सायकलवाला एकमेकांना चेहऱ्याने ओळखत. घासाघीस चाले, दम भरला जाई, कधी सोडूनही दिलं जाई.

मोटार आली तसे कायदेही आले: १९१४ चा, मग १९३९ चा, आणि आता चालतो तो १९८८ चा. यातलं कलम १३० म्हणतं, गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की चालकाने लायसन दाखवावं. कलम ११९ म्हणतं, वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसाने हात केला की चालकाने थांबावं. कलम १२६ तर आज वाचताना गंमत वाटते: इंजिन चालू असलेली गाडी सार्वजनिक जागी उभी असेल, तर चालकाच्या जागेवर लायसनवाला माणूस हवाच. सगळी इमारत त्या एका सीटवर उभी आहे.

पण ती सीट आपण केव्हाच रिकामी करून ठेवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक नजर ठेवणारं कलम १३६अ आलं, २०२१ मध्ये त्याखाली कॅमेऱ्यांचे नियम आले. आता मामा झाडाआड उभे नसले तरी पावती फाटते. माझ्याकडे येणाऱ्या ई-चलनाच्या फोटोत एमएच-१२ ची नंबरप्लेट स्वच्छ दिसते. दुचाकीवर बसलेली व्यक्ती स्कार्फमध्ये गुंडाळलेली, डोळेसुद्धा गॉगलआड. कोण आहे ते कॅमेऱ्याला कळत नाही. मेसेज जातो तो मालकाला. एका अशिलाने स्कूटर विकली, घेणाऱ्याने नाव बदललं नाही, आणि नव्या स्वाराचे सिग्नल तोडल्याचे दंड हा गृहस्थ लोकअदालतीत तडजोडीने मिटवत बसला. चालक कोण होता हे सांगण्याची जबाबदारी कलम १३३ ने मालकावर टाकली आहे. म्हणजे कागदोपत्री तरी गाडी आता मालकच चालवतो.

खरी विनाचालक गाडीही फार लांब नाही. कोथरूडच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये तशी विजेवरची गाडी बनवली. गाड्यांना प्रमाणपत्र देणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्थाही पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. २०१९ च्याच दुरुस्तीतल्या कलम २ब ने संशोधनासाठी काही वाहनांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राला दिला. उलट केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात स्पष्टच सांगितलं, की ड्रायव्हरांच्या पोटावर पाय आणणाऱ्या या गाड्या मी भारतात येऊ देणार नाही. त्यांची काळजी खरी आहे, पण बंदी कायमची टिकेल असं मला वाटत नाही.

कॅलिफोर्नियात काय झालं बघा. सॅन ब्रुनो गावात सप्टेंबर २०२५ मध्ये पोलिसांनी चुकीचा यू-टर्न घेणारी गाडी अडवली. आत कोणीच नाही, तेव्हा पावती फाडायची कोणाच्या नावाने? हात हलवत परतले. तिथे २०२४ मध्येच केलेला कायदा जुलै २०२६ पासून लागू होतो. त्याप्रमाणे नियमभंगाची नोटीस गाडी बनवणाऱ्या कंपनीला जाते आणि गाडीत पोलिसांशी बोलण्याची सोयही ठेवावी लागते.

आपल्याकडे नियम करताना अशाच दोन गोष्टी आधी लिहाव्यात. अलका चौकात सिग्नल हिरवा असताना पोलीस हात आडवा करतो, तेव्हा गाडीला तो हात कळला पाहिजे. ज्या गाडीला कळत नाही तिला प्रमाणपत्र देऊ नये. आणि दंड मालकाच्या मोबाइलवर न पाठवता जिने गाडीला चालायला शिकवलं त्या कंपनीकडे पाठवावा. मालक तर मागच्या सीटवर पेपर वाचत बसलेला असेल. हे आधी ठरलं नाही, तर लोकअदालतीतली रांग तेवढी वाढेल.