तळटीप : ‘पन्नास खोके’ आणि पक्षांतराचा कायदा

टेंभुर्णीवरील या प्रकरणात लेखकाने ‘पन्नास खोके’ (म्हणजे फुटण्यासाठी प्रत्येकी पन्नास कोटी घेतल्याचा आरोप) आणि पक्षांतर हा एकच गुन्हा मानला आहे. कायद्यात मात्र त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्याच सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील जून २०२२ मध्ये शिवसेनेतून फुटून गुवाहाटीला गेलेल्या आमदारांच्या गटात होते. त्या गटावरचा पैशांचा आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नाही, आणि अपात्रतेसाठी तो सिद्ध व्हावाही लागत नाही. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात पक्ष स्वेच्छेने सोडला का, पक्षादेश मोडला का, एवढेच पाहतात. लाचेचा विचार फौजदारी कायदा करतो. सीता सोरेन खटल्यात ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्यांना संरक्षण देणारा १९९८ चा नरसिंह राव निकाल फिरवला. आता लाच स्वीकारताच गुन्हा पुरा होतो, मत कुणाला दिले हे गौण.

खरे दुखणे विलंबाचे आहे. अपात्रतेचा निवाडा विधानसभाध्यक्षांकडे, आणि ते बहुधा सत्ताधारी बाजूचेच. शिवसेनेच्या याचिकांवर त्यांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला. कोणीही अपात्र ठरले नाही. मतदारच हिशेब करतील, हा आक्षेप पोकळ नाही : २०२४ मध्ये पाटील सांगोल्यात हरले. पण तोवर या फुटीतून आलेल्या सरकारने उरलेला काळ पूर्ण केला होता. विधिमंडळाच्या स्वायत्ततेची ढालही इथे टिकत नाही, कारण अध्यक्ष हे काम न्यायाधिकरण म्हणून करतात, असे किहोटो होलोहान निकालाने १९९२ सालीच सांगितले. अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण नेमण्याचा विचार करावा, ही सर्वोच्च न्यायालयाची २०२० ची सूचना संसदेने मनावर घ्यायला हवी होती.