तीस दिवसांच्या कवड्या

भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड असे सांगितले आहे, आणि ते म्हणजेच बीड, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याविरुद्धचे पुरावे हलके नाहीत. त्यांचे नातू चांगदेव यांनी ग्रंथाध्ययनासाठी काढलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत नेणाऱ्या फैजीने बिदरचे नाव घेतले. बीडलगतचा बालाघाट ही सह्याद्रीचीच शाखा, एवढ्याने बीडचा दावा तगतो, सिद्ध होत नाही. तरी ‘लीलावती’तला एक विचार बीडच्या संगणकवर्गात आवर्जून शिकवावा असा आहे, आणि त्यासाठी गावाचा वाद मिटण्याची गरज नाही.

११५० च्या या ग्रंथात एक दाता पहिल्या दिवशी २ कवड्या देतो आणि महिनाभर रोज दुप्पट करत जातो. एकूण कवड्या काढायला २ चा तिसावा घात हवा. रीत अशी : संख्या विषम असेल तर १ वजा करून ‘गुण’ लिहा, सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहा, आणि शून्यापासून उलटे या. ३० सम, पुढे १५, ७, ३, १ विषम. समला ०, विषमला १ लिहून उजवीकडून मांडले की ११११० मिळते, म्हणजे ३० चे द्विमान रूप. एकोणतीस गुणाकारांचे काम आठ पायऱ्यांत होते.

भास्कराचार्यांना बिट ठाऊक नव्हते, हा आक्षेप खरा आहे; शिवाय या रीतीचे मूळ पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. म्हणून शोधाचा मान मागू नये. साम्य आहे ते प्रश्नात : संख्या सम की विषम? आजचा प्रोग्रॅमर संख्येची १ शी ‘अँड’ क्रिया करून शेवटचा बिट पाहतो. दोनने भागून बाकी पाहिली तर काय बिघडते, कंपायलर तेच करतो, असे कोणी म्हणेल. पण सी भाषेत −३ ची बाकी −१ येते, त्यामुळे ‘बाकी १ तर विषम’ ही तपासणी फसते. शेवटचा बिट मात्र १ च असतो. दुसरा धडा मर्यादेचा : एकूण कवड्यांचे उत्तर २१४७४८३६४६. बत्तीस बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येहून ते फक्त एकाने कमी आहे. एकतिसाव्या दिवसाची बेरीज तिथे मावणार नाही. सम-विषम आणि मर्यादा, दोन्ही धडे या एका उदाहरणात मिळतात.