थंड कॉफी पाय : एका पाहुण्या पदार्थाचा इतिहास

नाताळच्या फराळात करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या आणि अनारसे यांचे स्थान ठरलेले आहे. नगरजवळच्या नागापूरसारख्या वस्तीत एखाद्या सूनबाईने त्यांच्या शेजारी 'कॉफी क्रीम पाय' मांडला, तर वडीलधाऱ्यांना प्रथम नावाचेच हसू येईल आणि मग प्रश्न पडेल, हे परक्यांचे खाणे आपल्या पानात कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु या पदार्थातील एकेक जिन्नस आपल्यापर्यंत कसा आला हे पाहू लागलो, की 'आपले' आणि 'परके' यांच्यामधली भिंत फारशी उंच राहत नाही.

आरंभ कॉफीपासून करू. हे पेय मूळचे मुसलमान जगाचे. युरोपात ते पोहोचले तेव्हा काहींनी त्याला सैतानाचे पेय ठरविले. पोप आठवे क्लेमेंट यांनी मात्र ते चाखून पसंत केले, अशी दंतकथा आहे. आपल्याकडे, परंपरा सांगते त्याप्रमाणे, सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी साधूने येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात पेरल्या. महाराष्ट्राच्या घरांत कॉफी रुळविण्यात एका पारशी गृहस्थाचा मोठा वाटा आहे. पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८ साली मुंबईत कॉफी दळून विकण्याचा व्यवसाय सुरू केला. 'पोल्सन' या नावाने त्यांची चिकोरीमिश्रित कॉफी प्रसिद्धीस आली. पुढे १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले.

पोल्सनचे नाव मात्र कॉफीपेक्षा लोण्यासाठी अधिक लक्षात राहिले. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील दुधावर ही डेअरी उभी होती. दुधाचा भाव ठरविणे गवळ्याच्या हाती नव्हते. अखेर १९४६ साली खेड्याच्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले. सरदार पटेलांचा सल्ला आणि त्रिभुवनदास पटेलांचे नेतृत्व यांतून त्याच वर्षी त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. तोच पुढचा 'अमूल'. आपल्या जिल्ह्यानेही तीच वाट उसाच्या बाबतीत धरली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. तेव्हा या पायातील लोणी आणि साखर, दोन्हींच्या मागे शेतकऱ्याने स्वतःचा भाव स्वतः मागण्याचा इतिहास आहे.

बिस्किटाची कथा लहान आहे. रशियाच्या झारची कन्या मारिया हिचा विवाह १८७४ साली इंग्लंडच्या राजपुत्राशी झाला. त्या निमित्ताने लंडनच्या एका कारखान्याने जे बिस्किट काढले, तेच आपल्या चहातले 'मारी'. राजकन्येचे बिस्किट आज मजुराच्या बशीत आहे, हे काही वाईट झाले नाही.

सर्वांत दुर्मीळ जिन्नस होता गारवा. १८३३ साली बॉस्टनहून 'टस्कनी' हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी ते कलकत्त्यास लागले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. वितळू नये म्हणून तो लाकडाच्या भुशात ठेवीत. गोव्यात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या, क्रीम आणि बिस्किटाच्या चुऱ्याचे थर असलेल्या थंड पुडिंगला 'सेराडुरा' म्हणतात. या पोर्तुगीज शब्दाचा अर्थही लाकडाचा भुसाच! पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला. पण तो साहेबांच्या आणि शेठांच्या मेजवानीचा. १९५८ साली गोदरेजने देशात फ्रिज बनविण्यास आरंभ केला, तरी साध्या घरात तो येण्यास आणखी कित्येक वर्षे गेली.

आता प्रत्यक्ष कृती. मारी बिस्किटांचा १५० ग्रॅम चुरा ७५ ग्रॅम वितळलेल्या लोण्यात कालवून पसरट भांड्यात तळाला व कडेला घट्ट दाबावा आणि थंड करावा. ५ ग्रॅम चायनाग्रास १०० मिलिलिटर पाण्यात भिजवून, उकळून पूर्ण विरघळवावे. ३०० मिलिलिटर गरम दुधात ७५ ग्रॅम साखर व तीन चमचे इन्स्टंट कॉफी विरघळवून त्यात ते गाळून घालावे. दूध गार असेल तर गुठळ्या होतात. मिश्रण कोमट झाले की १५० मिलिलिटर क्रीम मिसळून बिस्किटांवर ओतावे आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवावे. बाजारातील साधी क्रीम, तीत स्निग्धांश कमी असल्याने, कितीही घुसळली तरी ताठ उभी राहत नाही. म्हणून चायनाग्रासचा आधार. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून होते आणि उन्हाळ्यात पाघळते. चायनाग्रास समुद्रातील शेवाळापासून होते आणि नगरच्या उकाड्यातही टिकते. फ्रिज नसलेल्या घरीही पाय धरतो, फक्त गारवा कमी.

राहिले दूध. ते मात्र आपल्याच गोठ्यातले. डेअरीत त्याचा भाव स्निग्धांश पाहून ठरतो. पायाला चव देणारी ही सायच शेतकऱ्याच्या घरखर्चाचा हिशेब ठरविते. १ जून २०१७ रोजी याच जिल्ह्यातील पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हा ठिकठिकाणी दूध रस्त्यावर ओतले गेले. ज्याने पहाटे उठून धार काढली, त्याने स्वतःच्या हाताने ते मातीत ओतावे, याहून कडू घोट कॉफीतही नसेल. खेड्यात १९४६ साली विचारलेला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

म्हणून हा पाय परका म्हणून दूर सारू नये, आणि नवलाईचा म्हणून मिरवूही नये. सूफीच्या बिया, पारशाची चक्की, राजकन्येचे बिस्किट, प्रवरेची साखर आणि शेजारच्या गाईचे दूध त्यात एकत्र नांदते. नाताळच्या दिवशी करंज्यांचे ताट रुमालाखाली झाकून शेजारी पाठविण्याची आपली रीत आहे. या वर्षी त्या ताटात पायाचाही एक तुकडा ठेवावा, आणि दूध घालणाऱ्याचे घर त्या यादीतून सुटू नये.