काटा खाली आला तेव्हा

आदली संध्याकाळ, ७ वाजता. साडेसतरा तास बाकी.
अमरावतीत मामांच्या अंगणातल्या फरशीवर, गाडीच्या तोंडाखाली ओल दिसते. मामा म्हणतात, "काई नाई, एसीचं पानी हाय ते." एसीचं पाणी नितळ असतं आणि त्याला वास नसतो. हे हिरवट आहे, बोटाला चिकटतं आणि गोडसर वास मारतं. म्हणजे कूलंट. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला असता, तर नेमकं कुठून गळतंय याचा अंदाज सकाळी डागावरून आला असता. पण उद्या अकोल्याला साक्षगंध आहे आणि आहेराच्या साड्या अजून मोजायच्या आहेत.

सकाळी ६:३०. सहा तास बाकी.
इंजिन थंड आहे. रेडिएटरचं झाकण बिनधोक उघडता येईल अशी हीच वेळ. बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेलेली. मामा तिच्यात साधं पाणी ओततात आणि बॉनेट लावतात.

इथे थोडं मागे जायला हवं. ही गाडी दोन उन्हाळे दर्यापूरकडे होती. तो भाग खारपाणपट्ट्यातला: पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला, जमिनीखालचं पाणी खारट. बोअरचं ते पाणी माणसं नाइलाज असल्याशिवाय पीत नाहीत, रेडिएटरला मात्र खुशाल पाजतात. त्यातले क्षार गरम ॲल्युमिनिअम खातात आणि बारीक नळ्यांत थर धरतात. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं प्रत्येक भरीबरोबर पातळ होत जातात. आजचा घात तेव्हापासून शिजतो आहे.

१०:४५. पावणेदोन तास बाकी.
बडनेरा मागे पडतं. मे महिना, एसी पूर्ण जोरात. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतो, त्यामुळे रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा.

११:१०.
लोणी. इथून मानापर्यंतचा रस्ता गिनीज बुकात आहे. ३ जून २०२२ च्या सकाळी ७:२७ ला काम सुरू झालं आणि ७ जूनच्या संध्याकाळी ५ ला थांबलं. १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचं ७५ किलोमीटर डांबरीकरण. आधीचा विक्रम कतारचा होता. मामा हे सगळं कौतुकाने ऐकवतात आणि गाडी शंभरावर नेतात. माझं मत जरा वाकडं आहे: जुना खड्ड्यांचा रस्ता असता तर गाडी रखडली असती आणि आत पुरेसं पाणी असतानाच तापली असती. या वेगात समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो आणि गळती झाकली जाते.

११:४०. पन्नास मिनिटं बाकी.
तापमानाचा काटा मधली जागा सोडून वर सरकतो. नव्वद अंशांच्या आसपास राहणारं पाणी त्यापुढे गेलं आहे. गळतीने पाणी कमी होतं हे सगळ्यांना कळतं. दाब जातो हे लक्षात येत नाही. झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं, म्हणून साधं पाणीसुद्धा आत १२० अंशांपर्यंत उकळत नाही. फटीतून दाब निसटला की तेच पाणी शंभरावर उकळतं.

११:५०.
मूर्तिजापूर. रसवंतीसमोर गाडी थांबते. मामा रुमाल गुंडाळून झाकणाकडे हात नेतात, तेवढ्यात रसवाला ओरडतो, "झाकणाले हात नका लावू काकाजी! थंडं होऊ द्या पयले." त्याने मामांचे हात वाचवले. इंजिनही वाचलं असतं. मिस्त्री इथे मिळाला असता, गाडी ओढून नेता आली असती. पण फोन येतो: पाहुणे बसलेत, कुठे आहात? झाकण न उघडता बाटलीत पाणी ओततात आणि निघतात. ते पाणी इंजिनपर्यंत पोचतच नाही.

१२:१८. बारा मिनिटं बाकी.
काटा लाल पट्ट्यात. मामा एसी बंद करतात. हे बरोबरच, त्याच्या जोडीला हीटर पूर्ण सोडला असता, तर उरल्यासुरल्या पाण्यातली थोडी उष्णता आत निघाली असती. पण ४५ अंशांच्या उन्हात हीटर लावा म्हणणार कोण?

१२:२४.
काटा खाली येतो. झपाझप, अगदी तळापर्यंत. मामी हात जोडतात. मामा म्हणतात, "पाह्य, झाली न थंडी!"

१२:३०.
काटेपूर्णेच्या पुलाच्या अलीकडे गाडी ओढेनाशी होते. सायलेन्सरमधून पांढरा धूर, आत ठकठक, मग काहीच नाही.

दुपारी ४:३०. अकोला.
गाडी ओढून आणली आहे. मिस्त्री तेलाची काडी बाहेर काढतो. तेल दूध घातलेल्या चहासारखं. म्हणजे हेड गॅस्केट गेलं, पाणी तेलात उतरलं. हेड ॲल्युमिनिअमचं, खालचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनिअम जवळपास दुप्पट पसरतं आणि वाकतं. काट्याबद्दल मामा विचारतात तेव्हा तो हसतो. "काटा पान्याची गरमी सांगते काकाजी, इंजनची नाई. पानीच नसन तं काय सांगन तो?"

मग तो रेडिएटरवर हातपंप बसवून दाब देतो. पंपावरच्या दाबमापकाची सुई घसरते आणि प्लास्टिकची टाकी जाळीला जिथे दाबून बसवलेली असते, त्या सांध्यातून बुडबुडे निघतात. काल संध्याकाळी ही गळती शोधणं अर्ध्या तासाचं काम होतं. आता हेड उतरवून लेथवर फेसिंगला जाईल. नवं गॅस्केट, रेडिएटर, झाकण, थर्मोस्टॅट, होस पाइप.

"जुनं झाळून नाई होत का?" मामा विचारतात.

"प्लास्टिकले झाळ धरत नाई. पितळेचे रेडिएटर गेले आता. न् हे सांगून ठेवतो, कूलंट न् डिस्टिल्ड पानी अर्धंअर्धं. भरल्यावर हीटर लावून हवा काढीन मी. मंग रोज सकाळी, गाडी चालू करायच्या आंधी, बाटली पाह्यजा."

मामा मान डोलावतात आणि साक्षगंधाच्या ठिकाणी जायला ऑटो शोधू लागतात.