हिशेब न ठेवण्याचा करार

इंटरनेटचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला त्यातलं एक भांडण जास्त महत्त्वाचं वाटतं. कोणाचं जाळं कोणाच्या जाळ्याला जोडायचं आणि त्याचे पैसे कोणी कोणाला द्यायचे, हे ते भांडण.

1990च्या सुमारास अमेरिकेतल्या इंटरनेटचा कणा सरकारी पैशावर उभा होता. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ‘एनएसएफनेट’ने विद्यापीठं आणि संशोधनसंस्था जोडल्या होत्या. तिथला दंडक असा, की वापर शिक्षण-संशोधनापुरताच, धंद्याला मज्जाव. पण तोवर ‘यूयूनेट’, ‘पीएसआयनेट’ अशा कंपन्या जोडणी विकू लागल्या होत्या. त्यांच्या ग्राहकांना एकमेकांशी बोलायचं, तर सोयीचा रस्ता होता सरकारी कण्याचा, आणि नेमकी तिथेच बंदी.

एक तोडगा ‘एएनएस’ या संस्थेने पुढे केला. आयबीएम, एमसीआय आणि मेरिट यांनी 1990 मध्ये स्थापलेल्या या संस्थेकडेच त्या कण्याचा कारभार होता. तिचं म्हणणं असं: व्यापारी वाहतूक आमच्यावरून न्या, ती मोजू आणि आकारणी करू. प्रतिस्पर्ध्यांना यात जकात नाका दिसला. सरकारी पैशातून बांधलेल्या रस्त्यावर एकाच वाहतूकदाराने नाका टाकायचा, हे त्यांना मान्य नव्हतं.

म्हणून 1991 मध्ये यूयूनेट, पीएसआयनेट आणि सॅन दिएगोचं ‘सर्फनेट’ यांनी ‘कमर्शियल इंटरनेट एक्स्चेंज’, म्हणजे ‘सिक्स’, काढलं. कॅलिफोर्नियात एक सामाईक राउटर आणि एक साधा नियम: सगळ्यांनी ठरलेली वार्षिक वर्गणी भरायची, एकमेकांच्या ग्राहकांची वाहतूक स्वीकारायची आणि देवाणघेवाणीची वही ठेवायची नाही.

हा नियम केवळ उदारपणाचा नव्हता. टेलिफोनमध्ये फोन कोणी लावला हे कळतं, म्हणून बिल कोणाच्या नावावर फाडायचं तेही कळतं. इंटरनेटवर मी चार ओळींची मागणी पाठवतो आणि पलीकडून मोठी फाइल येते. यात फायदा कोणाचा? मागणाऱ्याचा की पाठवणाऱ्याचा? याला सर्वमान्य उत्तर नव्हतं. तेव्हा हिशेबच नको, हे शहाणपणाचं होतं.

12 मार्च 1992 रोजी एनएसएफनेटच्या कारभारावर अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. त्याच वर्षी एएनएसही सिक्सशी जोडली गेली. वर्गणीवाल्यांनी मोजणीवाल्यांना नमवलं, असं तेव्हा वाटलं असेल.

खरी कसोटी लागली ती दाराशी. 1994च्या सुमारास एखाद्या सभासदाकडून घाऊक जोडणी घेऊन गावोगाव किरकोळ विकणारे छोटे व्यावसायिक वाढले. त्यांनीही सभासद व्हावं की नाही? जे होणार नाहीत, त्यांची वाहतूक सामाईक राउटरवर अडवावी काय? एक बाजू म्हणे, सोय सगळे वापरतात, तर खर्च मोजक्यांनीच का सोसायचा? दुसरी म्हणे, छोटा माणूस वरच्याला पैसे देतोच आहे. त्याच्याकडून पुन्हा वर्गणी कशाला? शिवाय काही हजार डॉलरची रक्कम यूयूनेटला किरकोळ, पण चार-सहा मोडेमांवर धंदा चालवणाऱ्याला जड. समान वर्गणी समान माणसांतच समान असते.

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. पण दार अडवण्यात एक मोठा धोका होता. ज्याची वाहतूक अडवायची, त्याचे ग्राहक आपल्याही ग्राहकांना दिसेनासे होतात. शिक्षा बाहेरच्याला होते, तशी आतल्यालाही.

30 एप्रिल 1995 रोजी सरकारी कणा बंद झाला. नवी विनिमय केंद्रं उभी राहिली, मोठ्या कंपन्या आपसांत थेट जोडण्या करू लागल्या आणि त्या एका राउटरचं महत्त्व ओसरलं. 1997 मध्ये यूयूनेटने जाहीर केलं, की यापुढे लहान जाळ्यांशी फुकट देवाणघेवाण नाही. त्यांनी ग्राहक व्हावं. ‘वही नको’ म्हणणाऱ्या संस्थापकांपैकीच ही एक. मोठं होईपर्यंत जो नियम न्याय वाटला, तोच मोठं झाल्यावर खर्च वाटू लागला.

आपल्याकडे हाच प्रश्न उशिरा आला. 1998 मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा खुली झाली, तरी एका भारतीय कंपनीकडून दुसरीकडे जाणारी माहिती अनेकदा परदेशाला वळसा घालून येई. तो वळसा टाळण्यासाठी 2003 मध्ये ‘निक्सी’ स्थापन झाली. तिने मात्र वही ठेवली. वाहतुकीतल्या फरकाचे पैसे मागणाऱ्याच्या जाळ्याने द्यायचे, असा तिचा नियम होता. अलीकडे आपल्या दूरसंचार कंपन्या उलट म्हणतात: व्हिडिओ पाठवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चातला वाटा उचलावा.

मागणाऱ्याने द्यावे की पाठवणाऱ्याने? 1991 मध्ये तिघांनी जे उत्तर मुद्दाम टाळलं, ते आज ज्याचं जाळं मोठं तो आपल्या सोयीने देतो. अशा वेळी मी आधी एवढंच पाहतो, की नियम सांगणारा दाराच्या कोणत्या बाजूला उभा आहे.