सर्पाहार व भक्ष्यबदल
सापांची भक्ष्यनिवड आणि बंदिवासात त्यांना नवे भक्ष्य स्वीकारायला लावण्याची पद्धत. सर्व साप मांसाहारी असून भक्ष्य बहुधा वासावरून ओळखतात. जिभेने टिपलेले गंधकण टाळूतील जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचतात. महाराष्ट्रात आढळणारी धामण उंदीर व बेडूक, दिवड मासे व बेडूक, तर मण्यार अनेकदा इतर साप खाते. एकाच भक्ष्याला सरावलेला साप इतर अन्न नाकारत असेल, तर मेलेल्या उंदराला बेडकाचा वा माशाचा वास चोळतात व तो हळूहळू कमी करतात. कात टाकताना आणि थंडीत साप खात नसल्यास ते स्वाभाविक असते. दूध हा सापाचा आहार नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी साप विनापरवाना पाळणे गुन्हा आहे. त्यामुळे ही पद्धत मुख्यतः सर्पोद्यानांत उपयोगी पडते.