चार एकर वीस गुंठे

१ एप्रिल १९५७ रोजी देशात नवे पैसे चलनात आले. मुंबई राज्याच्या कुळकायद्यात 'कृषक दिन' म्हणून ठरलेला दिवसही तोच. पुढे महाराष्ट्राने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा केला, तेव्हा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार विचारात घ्यायचे असे ठरले. नवा पैसा आणि हा कायदा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण नंदुरबारकडच्या (हा जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला) भिल्ल शेतकऱ्याच्या वाट्याला दोन्ही आले आणि दोन्हींसाठी त्याला मोठेपणी नव्याने गणित शिकणे भाग पडले.

जुने गणित अर्ध्याच्या अर्ध्याचे होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. शेर, अर्धा शेर, पावशेर. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी घोकून घेत. (मला स्वतःला औटकी येत नाही, आमची पिढी दशांशावर वाढली.) शाळेचे तोंड न पाहिलेल्यालाही बाजारामुळे पाव, पाऊण, सव्वा, दीड ठाऊक असत. आता आण्याचे नवे पैसे झाले सव्वासहा. पाव पैसा तर देता येत नाही, म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ पैसे धरले. एका आण्याची वस्तू तीनदा घेतली तर १८ पैसे आणि तिन्ही एकदम घेतल्या तर १९! वर्गात हे सांगून पाहा, मुले लगेच हिशेब करू लागतात.

जमिनीचे प्रकरण याहून अवघड. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. चार एकर वीस गुंठे हे '४-२०' असे लिहितात. ही खूण दशांशचिन्ह नव्हे. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर, तेव्हा जमीन साडेचार एकर. कोणी ती ४.२ एकर अशी वाचली तर बारा गुंठे बसल्या जागी गेले! सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आल्यावर तीच जमीन १.८२ झाली, आणि येथे मात्र टिंब खरोखरीच दशांशाचे. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच (१०७६ आणि १०८९ चौरस फूट). पण हेक्टरचे आर शंभर, तर एकराचे गुंठे चाळीस. साडेचारचे दोनाहूनही कमी झालेले पाहून कोणाला आपली जमीन चोरीला गेली असे वाटले, तर त्याला अडाणी कसे म्हणावे?

कारण शहादा-तळोदा भागात जमिनी खरोखरच गेल्या होत्या. पेरणीला घेतलेले धान्य सुगीला दिढीने फेडायचे, ही सावकारी रीत जुनी. एका पोत्याचे दीड, हे सर्वांना कळते. पण फेड झाली नाही आणि पाच वर्षे दिढीवर दिढी चढली, तर दीड, सव्वादोन, ३.३८, ५.०६, ७.५९ असे होत एका पोत्याची साडेसात पोती होतात. अशा कर्जापायी जमीन सुटत असे. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांची मजुरी आणि गेलेल्या जमिनी हे तिचे मुख्य विषय. सातबारा आणि फेरफार वाचता येणे ही तेथे निव्वळ हौस नव्हती.

वर सांगितलेला कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. त्यातले गणित पाहण्याजोगे आहे. जमीन परत मिळवायची तर मूळ खरेदीची किंमत किंवा आकाराच्या ४८ पट, यांपैकी कमी असेल ती रक्कम द्यायची, शिवाय जमिनीत केलेल्या सुधारणांची किंमत. ती फार तर १२ वार्षिक हप्त्यांत, साडेचार टक्के सरळ व्याजाने. सुधारणा बाजूला ठेवू. आकार ५ रुपये असेल तर रक्कम २४० रुपये, हप्ता २० रुपयांचा. पहिल्या वर्षी व्याज १० रुपये ८० पैसे, दुसऱ्या वर्षी ९ रुपये ९० पैसे. पुढे दर वर्षी ९० पैशांनी कमी. सरळ व्याज आणि दिढी यांतला फरक ज्याला उमगला, त्यालाच हा कायदा आपल्या बाजूचा आहे हे दिसणार.

आता १९८८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनकडे वळू. नवसाक्षराला १ ते १०० अंक, बेरीज-वजाबाकी, साधा गुणाकार-भागाकार यावा. व्याज आणि प्रमाणाची थोडी कल्पना असावी, मात्र अपूर्णांकाशिवाय, अशी त्याची पातळी होती. म्हणजे प्रौढाला जे आधीच येत होते, नेमके तेच वगळले! साडेचार टक्के अपूर्णांकाशिवाय कसे शिकवायचे? प्रौढाला पहिलीतले मूल समजण्याची ही खोड आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत जीन लेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रौढ ग्राहकांचा अभ्यास केला. दुकानात भावांची तुलना करताना त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. कागदावरच्या चाचणीत तीच माणसे सरासरी ५९ टक्क्यांवर थांबली.

२००६ च्या वनहक्क कायद्यात कसलेल्या वनजमिनीसाठी चार हेक्टरांची मर्यादा आहे. चार हेक्टर म्हणजे ९.८८ एकर. याचे एकर-गुंठे करायला सांगितले, तर नऊ एकर अठ्ठ्याऐंशी गुंठे असे उत्तर अनेकदा येते. गुंठे तर चाळिसाच्या आत हवेत. ०.८८ ला ४० ने गुणले की पस्तीस येतात. ज्याचा दावा आहे तो शेतकरी हा गुणाकार न करताच सांगतो, "दहाला पाच गुंठे कमी."